गच्चीवरचा अँटेना आणि पंधरा मीटर खालची जमीन

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला पार्किंग अधिक चार मजले अशी एक इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं स्टेशन. गच्चीवर ६ मीटरचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा खांब, त्यावरून दोन कोपऱ्यांकडे उतरणारा ७ मेगाहर्ट्झचा उलट्या ‘व्ही’सारखा डायपोल (दोन बाहूंचा तारेचा अँटेना), टोकाला १४५ मेगाहर्ट्झचा उभा अँटेना. सेट १०० वॅटचा. या सगळ्याचं अर्थिंग कसं केलं, कुठे चुकलं आणि काय उकलून परत करावं लागलं, ते सांगतो. काम मार्चअखेरीस काढलं. एकदा वळीव सुरू झाला की गच्चीवर लोखंडी पट्टी धरून उभं राहायची सोय नसते.

वायरमन असो की जुना हॅम, ‘अर्थिंग’ हा शब्द सगळेच एकाच दमात वापरतात, पण त्याच्या पोटात तीन वेगळी कामं आहेत. उपकरणाच्या बॉडीत फेज उतरला तर एमसीबी किंवा आरसीसीबी (आपोआप बंद होणारा स्विच) पडावा, हे एक. वीज पडली, किंवा आसपास पडून तारेत झटका आला, तर तो घराबाहेरूनच जमिनीत जावा, हे दुसरं. आणि अँटेनाचा रेडिओ-लहरींचा प्रवाह केबलवरून खोलीत येऊन माइकला चिकटू नये, हे तिसरं. बैठ्या घरात खिडकीखाली सळई ठोकली की तिन्ही कामं एका तारेत बऱ्यापैकी निभतात. अपार्टमेंटमध्ये निभत नाहीत.

का, ते आकड्यांत बघा. गच्चीपासून जमिनीपर्यंत १५ मीटर उंची. त्यात २५ × ३ मिमीची जीआय पट्टी सोडली तर तिचा साधा रोध ०.०३ ओहमच्या आसपास येतो, म्हणजे मल्टिमीटरला जवळजवळ शून्यच. पण सरळ वाहकाचं इंडक्टन्स (प्रवाह बदलताना होणारा विरोध) मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री धरतात. १५ मीटरचे १५ मायक्रोहेन्री झाले, आणि ७.१ मेगाहर्ट्झला त्याचा अडसर होतो ६७० ओहमच्या घरात. विजेचा प्रवाह मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअर या वेगाने चढला तर त्याच पट्टीच्या दोन टोकांत दीड लाख व्होल्टचा फरक उभा राहतो. खालचा खड्डा अर्ध्या ओहमचा असो नाहीतर पाच ओहमचा, या दीड लाखात त्याने फरक पडत नाही.

तिसऱ्या मजल्याची गंमत आणखी वेगळी. खिडकीपासून खालच्या सळईपर्यंत तार भरते १० मीटर. ७.१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर, तिचा चौथा हिस्सा साडेदहा, आणि प्लॅस्टिक आवरणाच्या तारेत तो जवळजवळ १० वरच येतो. चतुर्थांश तरंगाची तार खालच्या टोकाला जमिनीला जोडली की वरच्या टोकाला ती रेडिओच्या दृष्टीने उघडी, कशालाच न जोडलेली दिसते. म्हणजे ४० मीटर बँडवर, याच ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, त्या तारेचा सेटला अर्थ म्हणून काहीच उपयोग नाही. उलट ती स्वतःच भिंतीवरून खाली लोंबणारा अँटेना होऊन बसते. ‘खिडकीतून एक तार खाली सोडून द्या, झालं’ हा सल्ला आम्हालाही मिळाला होता. सोडून बघितली. माइकला ओठ लागले की चटका बसायचा, आणि शेजारच्या ब्लॉकच्या बेलमधून आमचं बोलणं ऐकू यायचं. तार काढून टाकली तेव्हा दोन्ही कमी झालं.

तेव्हा ठरवलं ते असं. विजेचं काम गच्चीवरच आणि इमारतीच्या बाहेरूनच संपवायचं. घरात फक्त घराच्या विजेचं अर्थिंग, आणि सेट त्याच्याशी एकाच जागी बांधायचा. रेडिओ-लहरी अर्थिंगने अडवायच्या फंदात पडायचं नाही, त्या फेराइटने (चुंबकीय सिरॅमिकच्या कड्यांनी) अडवायच्या. डायपोल निवडला तोही त्यासाठीच. त्याच्या दोन्ही बाहू एकमेकांना पुरतात, जमिनीची गरज लागत नाही. लांब तार एका टोकाने चालवायची असेल तर काउंटरपॉइज, म्हणजे जमिनीऐवजी जोडायची दुसरी तार, लागतोच, आणि तो दिला नाही तर केबलची बाहेरची जाळी गुपचूप ते काम करू लागते.

सोसायटीच्या परवानगीवर फार लिहीत नाही. गच्ची सामाईक असते, म्हणून डब्ल्यूपीसीच्या (केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा) लायसन्सची प्रत आणि हाताने काढलेला नकाशा जोडून सेक्रेटरींकडे अर्ज दिला. एक वाक्य मात्र मुद्दाम घातलं होतं: खांब आणि पट्टी सोसायटीच्या अर्थिंगला जोडल्यावर मीटर रूमचं अर्थिंग आमच्या खर्चाने तपासून दिलं जाईल. त्या वाक्याने काम सोपं झालं.

आधी जुनं काय आहे ते पाहिलं. मीटर रूममधून एक जीआय पट्टी कंपाउंडजवळच्या खड्ड्यात गेलेली. झाकण उचललं तर आत माती, त्याखाली पाइपच्या तोंडाशी गंजून फुगलेला बोल्ट. पाना लावताच तो तुटला. पट्टी पाइपला नुसती टेकलेली होती. मीठ-कोळशाच्या खड्ड्याचं साधारण असंच होतं. पहिली दोन-तीन वर्षं रीडिंग छान येतं; मग पावसाबरोबर मीठ वाहून जातं, आणि जायच्या आधी जस्ताचा लेप खाऊन जातं. ते टोक घासून नवा क्लॅम्प लावला आणि मोजलं. १८ ओहम.

नव्या सळ्यांसाठी बाजूच्या मार्जिनमधले पेव्हिंग ब्लॉक उचलले. जागा ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या. इमारतीच्या पायापासून किमान दीड मीटर लांब, ड्रेनेज आणि महावितरणच्या भूमिगत केबलपासून बाजूला, आणि दोन सळ्यांत सळईच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे ६ मीटर अंतर. दोन सळ्या जवळ ठोकल्या तर दोघी एकच माती वाटून घेतात आणि दुसरीचे पैसे अर्धे वाया जातात. सळई १७.२ मिमी व्यासाची, ३ मीटर लांब, पोलादावर २५० मायक्रॉन तांब्याचा थर असलेली. दुकानात तशाच दिसणाऱ्या, वरून नुसतं तांब्याचं पाणी दिलेल्या सळ्याही मिळतात. कानशीने एका टोकाला हलकं घासलं की कळतं. दोन घासांत पोलाद चमकलं तर ती परत द्यावी.

सांगलीची काळी माती अर्थिंगला चांगली म्हणतात. पावसाळ्यात ते खरंच आहे. उन्हाळ्यात याच मातीला हात जाईल अशा भेगा पडतात आणि ठोकलेल्या सळईभोवती माती आक्रसून पोकळी होते. जुलैत ४ ओहम दाखवणारी सळई मेमध्ये १२ दाखवते ती यामुळे. म्हणून नुसती सळई घणाने ठोकायची नाही असं ठरलं. हाताच्या ऑगरने (माती पोखरणाऱ्या गिरमिटाने) १०० मिमीचं भोक घेतलं. वरचे दोन मीटर लोण्यासारखे गेले; पुढे चुनखडीच्या खड्यांचा थर लागला, तिथे पहारीने फोडत उरलेला मीटरभर काढायला अर्धा दिवस गेला. भोकाचं आकारमान साडेतेवीस लिटर भरतं. त्यात सळई मधोमध धरून बेंटोनाइट (पाणी धरून ठेवणारी चिकणमाती) आणि ग्रॅफाइटचं मिश्रण पाण्यात इडलीच्या पिठाइतकं कालवून ओतलं. २५ किलोची एक पिशवी एका भोकाला पुरून उरली. ओतताना सळई वर-खाली हलवत राहायची, नाहीतर हवेचे फुगे आत राहतात. कोरडी पावडर भोकात टाकून वरून बादली उपडी करणारेही आहेत. खाली ती पावडर तशीच कोरडी बसते.

कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत गोष्ट उलटी असते. ऊस पिवळा पडतो त्या मातीत ओहम एकदम कमी येतात आणि माणूस खूश होतो. पण क्षार जीआय पाइप लवकर खातात. तिथे तांब्याचा थर असलेली सळईच घ्यावी, आणि जोड मातीत पुरू नयेत. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या सोसायट्यांना या दोन्ही चिंता नाहीत, कारण हातभर मुरूम संपला की काळा पत्थर लागतो आणि सळई जातच नाही. तिथे उभ्या सळईचा हट्ट सोडून अर्धा-पाऊण मीटर खोल चर खणायचा, त्यात २५ × ३ ची पट्टी १५-२० मीटर आडवी टाकायची आणि तोच बेंटोनाइट वर पसरायचा. चर इमारतीला वळसा घालून नेला तर आणखी उत्तम.

मोजमाप. हा भाग लोक गाळतात, आणि पुढचे सगळे वाद इथूनच निघतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक सळईला आणि दुसरं नळाला लावून जे येतं ते अर्थिंगचं रीडिंग नव्हे. वायरमन लोकांची आवडती पद्धत म्हणजे फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावून बघणं. बल्ब ठणठणीत लागला म्हणजे अर्थिंग फर्स्टक्लास! हिशेब करू. २३० व्होल्टला १०० वॅटचा बल्ब ०.४३ अँपिअर घेतो. खड्डा २ ओहमचा असेल तर त्यात एक व्होल्टही पडत नाही. २० ओहमचा असेल तर पावणेनऊ व्होल्ट पडतात. २३० आणि २२१ व्होल्टवरच्या बल्बच्या उजेडातला फरक कुणाच्या डोळ्याला कळणार? वर, त्या वेळात इमारतीच्या सगळ्या अर्थला थोडा का होईना दाब चढतो आणि आरसीसीबी असेल तर तो पडतो. ही चाचणी करू नका आणि करूही देऊ नका.

तीन टोकांचा अर्थ टेस्टर इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे भाड्याने मिळतो. एक टोक सळईला, प्रवाहाचा खुंटा ३० मीटरवर, आणि व्होल्टेजचा खुंटा त्याच रेषेत ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरवर. मग हा मधला खुंटा दीड-दोन मीटर पुढे आणि मागे सरकवून पुन्हा दोन रीडिंग घ्यायची. तिन्ही जवळपास सारखी आली तरच खरं. आमच्या मार्जिनमध्ये ३० मीटर कुठून येणार? शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर, मालकाला विचारून, खुंटे रोवले. पहिल्या खेपेला रीडिंग ६, ९ आणि १४ अशी उड्या मारत होती. प्लॉटच्या कडेने पाण्याची जुनी लोखंडी लाइन गेली होती आणि खुंटे नेमके तिला समांतर लागले होते. रेषा काटकोनात फिरवली तेव्हा आकडे बसले. मोजताना सळई बाकी सगळ्यापासून सुटी हवी, हेही विसरायचं नाही; जोडलेली असेल तर तुम्ही सगळ्या सोसायटीचं अर्थिंग मोजत असता.

एकटी पहिली सळई ९.४ ओहम. दोन्ही मिळून ५.३. जुना खड्डा जोडल्यावर ४.३. हे एप्रिलच्या कोरड्या मातीतले आकडे आहेत, म्हणून आम्ही तिथेच थांबलो. एक ओहमच्या मागे लागून तिसरी, चौथी सळई घालणारे भेटतात. त्या पैशात वरचे जोड नीट होतात, आणि वर सांगितलेल्या दीड लाख व्होल्टपुढे त्याच पैशाचा उपयोग जास्त आहे.

जुना खड्डा आणि नव्या सळ्या एकमेकांना जोडायच्या की नाही, यावर वायरमनशी बरीच हुज्जत झाली. त्याचं म्हणणं, अँटेनाची वीज घराच्या अर्थमध्ये कशाला आणायची, वेगळं ते वेगळंच बरं. ऐकायला पटतं. पण दोन अर्थ वेगळे ठेवले आणि जवळ वीज पडली, तर एका अर्थवर हजारो व्होल्ट चढतात आणि दुसरा तिथेच राहतो. मधला फरक सेटच्या आतून, अँटेनाच्या सॉकेटपासून पॉवर सप्लायच्या तिसऱ्या पिनपर्यंत, स्वतःची वाट काढतो. जळलेले सेट उघडले की नेमकी हीच वाट काळी पडलेली दिसते. सगळे एकत्र वर गेले तर कुणाचंच काही बिघडत नाही. म्हणून जमिनीखालून अर्धा मीटर खोल २५ × ३ ची पट्टी टाकून तिन्ही एकत्र केले. न्यूट्रलला मात्र काहीही जोडायचं नाही, कुठेही, कधीही.

गच्चीपासूनची पट्टी तांब्याची घेतली नाही. रात्रीत गायब होते. जीआयची २५ × ३ मिमी म्हणजे ७५ चौरस मिमी छेद. विजेच्या वाहकाला ५० च्या खाली जाऊ नये, त्यात ती बसते. मीटरला ६०० ग्रॅमच्या आसपास वजन. आम्हाला गच्चीवरची आडवी धाव धरून १९ मीटर, म्हणजे सव्वाअकरा किलो लागली. इथे ८ गेजची तार वापरणारे बरेच आहेत. ती भरते १३ चौरस मिमी. घरातल्या जोडण्यांना ठीक, भिंतीवरून वीज उतरवायला नाही.

पट्टी जिन्याच्या बाहेरच्या भिंतीवरून उतरवली, सेटच्या खिडकीपासून चार मीटर लांब. रंगारी लोकांचा झुला आणि कमरेला बेल्ट. दर मीटरला एक सॅडल, भिंतीपासून दोन सेंटिमीटर उचललेलं. पॅरापेटवरून खाली वळवताना कोपरा हातोडीने काटकोनात ठोकायचा मोह होतो. वीज अशी वळणं घेत नाही, ती सरळ उडी मारते. वळण मोठं, ताटाच्या कडेसारखं ठेवायचं. जोड आला तिथे ५० मिमी चढ देऊन दोन एम८ स्टेनलेस बोल्ट, आणि भोक पाडताना जस्त उडालं तिथे झिंक पेंट. जमिनीपासून दोन मीटरवर टेस्ट लिंक ठेवली, म्हणजे पुढे मोजताना खालचा भाग सुटा करता येतो. लिंकच्या खालची पट्टी पीव्हीसी पाइपमध्ये घातली. पार्किंगमध्ये पोरं खेळतात, आणि वीज उतरत असताना पट्टीला टेकलेला माणूस वाचेलच असं नाही.

आता गच्चीवरचा डबा. सगळ्या कामाचा जीव इथे आहे. पाणी न शिरणारा, बिजागरीच्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत १५० × २०० × ३ मिमीची ॲल्युमिनियम प्लेट. प्लेटवर दोन कोॲक्स अरेस्टर (अँटेनाच्या केबलमधला विजेचा झटका जमिनीकडे वळवणारे), एक डायपोलच्या आरजी-२१३ केबलला आणि एक व्हीएचएफच्या, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या अँटेनाच्या केबलला. खांबाचा पाय, प्लेट आणि भिंतीवरची पट्टी हे तिघे अर्ध्या मीटरच्या आत एकमेकांना बांधलेले. ॲल्युमिनियम आणि जीआय थेट भिडवले तर एकवेळ चालतं. तांब्याची लग (तारेच्या टोकाचा जोड) कुठेही थेट भिडवू नये. सांधा ओला झाला की तांबं शेजारच्या धातूला खातं. कथिल चढवलेली लग, मध्ये स्टेनलेस वॉशर, वरून पेट्रोलियम जेलीचा हात. तांब्यावरून ओघळणारं पाणीही खालच्या ॲल्युमिनियमला भोकं पाडतं, म्हणून तांबं नेहमी खालच्या बाजूला.

अरेस्टरमध्ये वायूची नळी असते आणि ती ९०, २३०, ३५०, ६०० अशा व्होल्टेजची मिळते. दुकानदार ‘कमी व्होल्टची म्हणजे जास्त सुरक्षित’ म्हणून ९० ची देऊ पाहतो. १०० वॅट ५० ओहममध्ये म्हणजे ७०.७ व्होल्ट आरएमएस, शिखर १००. म्हणजे तुम्ही बोलायला लागलात की ९० ची नळी पेटणार! एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळतो त्याचं माप, १ सर्वांत चांगलं) ३ पर्यंत गेला तर शिखर १७३ व्होल्टवर जातं. २३० ची नळी त्याला पुरते. नळी बदलता येणारा अरेस्टर घ्यावा, आणि जवळपास मोठा कडकडाट होऊन गेला की नळी बदलावी. बाहेरून ती चांगली-वाईट कळत नाही.

कोरड्या वाऱ्यात, वळवाचे ढग जमताना, डायपोलच्या तारेवर स्थिर विद्युत साचतं आणि अरेस्टर चटचट आवाज करतो. ते सतत वाहून जावं म्हणून फीड पॉइंटला (केबल अँटेनाला मिळते तिथे) दोन्ही बाहूंमध्ये १ मेगाओहमचा, २ वॅटचा रोध टाकला. ज्यांच्याकडे ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर असलेला एंड-फेड (एका टोकाने चालणारा) अँटेना आहे त्यांना बहुधा हा लागत नाही. केबलचा मधला तार आणि जाळी यांच्यात मल्टिमीटरने शून्य ओहम दिसला तर वाट आधीच आहे.

डब्यात शिरणारी प्रत्येक केबल खालून शिरते, शिरण्याआधी खाली झोळ घेते. हे नुसतं टापटिपीसाठी नाही. पहिल्या वेळी एक केबल बाजूच्या भोकातून घेतली होती. पहिल्या दोन सरींतच पाणी केबलवरून चालत पीएल-२५९ कनेक्टरच्या आत गेलं आणि एसडब्ल्यूआर १.४ वरून ३ च्या पुढे. कनेक्टर उघडला तर जाळी हिरवी पडलेली. केबलचं तेवढं टोक कापून नवा कनेक्टर, वर स्वतःला चिकटणारी रबरी टेप, तिच्यावर साधी काळी टेप.

गच्चीवरचं बाकीचं लोखंडही विचारात घ्यावं लागतं. सोलर हीटरचा सांगाडा खांबापासून दोन मीटरवर होता, तो पट्टीला बांधला. डिशवाल्याने त्याच खांबाला आपली डिश लावून ठेवली होती. ती काढायला लावली. नाहीतर आपल्या खांबावरची वीज चौथ्या मजल्यावरच्या टीव्हीत जाते.

आता घरात. डब्यातून केबल बाहेरच्या भिंतीवरून खिडकीशी येते, तिथे दुसरी छोटी प्लेट. ही प्लेट भिंतीवरच्या पट्टीला जोडलेली नाही. ती ब्लॉकच्या डीबीमधल्या (विजेच्या वितरण पेटीतल्या) अर्थ बारला १६ चौरस मिमीच्या तांब्याच्या तारेने जोडली, लांबी तीन मीटर. डीबीत २७५ व्होल्टचा टाइप-२ एसपीडी (लाइनमधला झटका अर्थकडे वळवणारं उपकरण) बसवला. सेट, पॉवर सप्लाय, ट्यूनर, तिघांच्या बॉडीची तार वेगवेगळी याच प्लेटला. एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला अशी माळ करायची नाही.

प्लेट पट्टीला का जोडली नाही? जोडली असती तर तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरची विजेची पट्टी आणि मीटर रूममधून आलेली घराची अर्थ तार आमच्या खोलीत भेटल्या असत्या, आणि त्या दीड लाखांतला मोठा वाटा घराच्या वायरिंगमधून खाली गेला असता. केबलची जाळी त्या दोघांना जोडतेच, हे खरं. म्हणून केबल सोडवायची जागा गच्चीवरच्या डब्यात आहे, टेबलापाशी नाही. खोलीत केबल काढून काचेच्या बरणीत घालून ठेवायची जुनी पद्धत आहे. गच्चीवरून इथपर्यंत आलेली वीज बरणीच्या काचेला काय विचारते?

डीबीची अर्थ तार खरंच खाली पोचते का, हे आधी वायरमनकडून पाहून घेतलं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात गीझर चालू असताना १८ व्होल्ट दिसत होते; दोन-तीन व्होल्ट असतील तर चालतं. मीटर रूममध्ये आमच्या न्यूट्रलचा एक स्क्रू ढिला निघाला. तो आवळल्यावर २.१.

शेवटी रेडिओ-लहरी. फीड पॉइंटला आणि खिडकीच्या प्लेटपाशी, दोन्हीकडे चोक. २४० आकाराचं, ३१ नंबर मटेरियलचं फेराइट कडं, त्यावर आरजी-५८ चे १२ वेढे. वेढे एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत आणि आत-बाहेरची टोकं कड्याच्या समोरासमोर ठेवायची. खिडकीच्या जागेला एकाच कड्यावर १४ मेगाहर्ट्झला माइक अजून थोडा चावत होता, तिथे दोन कडी एकावर एक ठेवून पुन्हा गुंडाळलं. पॉवर सप्लायच्या तारेवर आणि कॉम्प्युटरच्या यूएसबीवर क्लिपची फेराइट. त्यानंतर १०० वॅटवर बोलताना माइक गार, बेल गप्प, आणि आधी १४ मेगाहर्ट्झवर पडणारा ब्लॉकचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी जागेवर. ऐकण्यातही फरक पडला. ४० मीटरवर संध्याकाळी सेटच्या सिग्नल मीटरवर एस-७ असलेला गोंगाट एस-४ वर आला. एका एस युनिटला ६ डेसिबल, म्हणजे १८ डेसिबलची कचऱ्याची वजाबाकी. इमारतभर एलईडी ड्रायव्हर आणि इन्व्हर्टर जो आवाज करतात तो केबलच्या जाळीवरूनच आत येत होता, आणि त्याला अर्थिंगचा काडीचा उपाय नव्हता.

जुलैत चांगला पाऊस झाल्यावर टेस्ट लिंक उघडून खालचं रीडिंग घेतलं, ३.१ आलं. त्यानंतरच्या मेमध्ये ४.६. बेंटोनाइटने भेगा सांभाळल्या असं दिसतं. गावभागासारख्या पुराच्या पट्ट्यात हे काम करणार असाल तर टेस्ट लिंक आणि उघडे जोड पुराच्या खुणेच्या वर घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं होतं, आणि कुठल्या भिंतीवर ते कुठवर आलं हे तिथे कुणालाही विचारलं तर हाताने दाखवतील. जमिनीतल्या सळईला पाण्याने काही होत नाही. बोल्टांमध्ये बसलेला गाळ वाळला की जोड सुटतो.

वर्षातून दोनदा बघायचं. एकदा अक्षय तृतीयेच्या आधी, एकदा दसऱ्यानंतर. बोल्ट आवळायचे, झिंक पेंट उडालं असेल तर परत मारायचं, अर्थिंगच्या चेंबरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने तारीख आणि ओहम लिहायचे. वहीत लिहिलेलं सापडत नाही.

आणि डब्यातली केबल. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती सुटीच असते. घराकडचं टोक डब्याबाहेर अर्ध्या मीटरवरच्या बंद सॉकेटमध्ये, अँटेनाकडचं प्लेटला शॉर्ट. बोलायचं असेल तेव्हा आकाश बघून वर जायचं, जोडायचं, झालं की परत सोडवायचं. गडगडाट ऐकू आल्यावर केबल काढायला गच्चीवर पळत जाणं म्हणजे आपणच खांबाशेजारी दुसरा खांब होणं. तेव्हा उशीर झालेला असतो. पॉवर सप्लायचा प्लग भिंतीतून काढायचा आणि सेट जातो का राहतो ते सकाळी बघायचं.